मोती प्लाझा, माणिक प्लाझा आणि साळवेकाका

साळवेकाकांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका खांबावरून. खांब अजून कागदावरच होता, पण कागदावरचा खांब आणि उभा खांब यांत साळवेकाका फरक करत नसत. आमचे आर्किटेक्ट भागवत सर, त्यांनी इमारतीच्या दर्शनी बाजूला चार गोल, जाडजूड खांब काढून आणले होते. ते पहिल्या मजल्यावर सुरू होत आणि चौथ्या मजल्यावर अधांतरी संपत. खाली पाया नाही, वर तुळई नाही.

"सर, हे खांब धरतात काय?" साळवेकाकांनी विचारलं.

"काही नाही. ते दिसायला आहेत."

"नुसते दिसायला?"

"साळवे, याला पोस्टमॉडर्न म्हणतात. मासिक दाखवतो तुम्हाला."

साळवेकाका आपल्या टेबलाशी परत आले, हाताखालचा रुमाल सरळ केला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "काम काय नाय, आणि उभे सगळ्यांच्या पुढे. असले चार जण आमच्या चाळीत पण आहेत."

मी हसले. ऑफिसात लागून मला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि हसावं की नाही हे मी अजून सरांचा चेहरा बघून ठरवत असे. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. सर, साळवेकाका आणि मी, एवढीच माणसं. मागच्या खोलीत नकाशाच्या प्रती काढायचं अमोनियाचं यंत्र होतं, त्याच्या वासानं दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागत. मी बदलापूरची, बेलवलीतली. घरात पदवी घेतलेली पहिलीच. काकांची अजून भातशेती होती, वडील कारखान्यात होते, आणि मुलगी आर्किटेक्ट झाली हे ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. आर्किटेक्ट म्हणजे नक्की काय ते त्यांना सांगता येत नसे, पण ते इंजिनियरपेक्षा वरचं असतं यावर ते ठाम होते.

साळवेकाका अंबरनाथच्या बुवापाड्यातले. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून लागले ते पंधरा वर्षं त्याच टेबलावर. पांढरा बुशशर्ट, बाह्या बरोबर दोन घड्या वर. शाईची तीन पेनं, तिघांच्या मानेला तीन रंगांचे दोरे बांधलेले. पातळ रेघेला पिवळा, मधल्या रेघेला हिरवा, भिंतीच्या जाड रेघेला निळा. त्या पेनांना दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालत नसे. एकदा सरांनी निळ्या दोऱ्याचं पेन उचलून चेकवर सही केली, तर साळवेकाकांनी ते संध्याकाळपर्यंत तीन वेळा धुतलं.

मला ते 'आर्किटेक्टबाई' म्हणत. त्यात टिंगल किती आणि मान किती हे मला कधी कळलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक चुकलेला ट्रेसिंग पेपर आणि दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा ठेवला. "आधी खोडायला शिका. काढायला काय, कुणीपण काढतं."

ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, पात्यानं खरवडावी लागते. जोर जास्त झाला की कागद फाटतो, कमी झाला की रेघेचं भूत मागे राहतं. खरवडलेल्या जागी नखानं घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, नाहीतर पुढची शाई तिथे फुटते. मी आठ दिवस फक्त खोडत होते. नवव्या दिवशी त्यांनी कागद उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हां. आता चुका करायला मोकळ्या तुम्ही." त्या दिवसापासून मी मीनाताई झाले. काही बिनसलं की मात्र परत आर्किटेक्टबाई.

"रेघ सुरू कुठे होते ते बघू नका, थांबते कुठे ते बघा," असं ते नेहमी सांगत. माझ्या रेघा कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून पुढे जात. त्यांच्या बरोबर गाठीवर थांबत. दोन माणसांच्या रेघा दोन माणसांच्या चालीइतक्या वेगळ्या असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांना ते फार आधीपासून कळत होतं.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. इमारतीचं नाव, प्रमाण, तारीख, आणि नकाशा कुणी काढला त्याचा एक छोटा रकाना. आमच्याकडे नकाशा कुणीही काढो, त्या रकान्यात 'बी. एस.' अशी दोन इंग्रजी अक्षरं पडत. भास्कर साळवे. काढणाऱ्यानं कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचा. ते तो तपासत, दहा ठिकाणी पेन्सिलीनं टिंबं करत, आपण दुरुस्त करून परत द्यायचा, आणि सगळं मनासारखं झालं की ते स्वतः हिरव्या दोऱ्याच्या पेनानं ती दोन अक्षरं घालत. सर त्याखाली सही करताना नकाशा बघतच नसत, कोपरा बघत. साइटवरचे मिस्त्रीसुद्धा कागद उलगडायच्या आधी विचारत, "बीएसचा हाय ना?"

त्या अधांतरी खांबांची इमारत म्हणजे मोती प्लाझा. मालक टेकचंद शेठ, कापडाचे व्यापारी. सात मजली, खाली दुकानं, वर ऑफिसं. आता कुणी सात मजल्यांना गगनचुंबी म्हणेल का? पण त्या वेळच्या कॅम्प दोनमध्ये दोन मजल्यांवर मान वर करायची कुणाला सवयच नव्हती. सरांनी डोक्यावर मध्येच फोडलेला त्रिकोण दिला होता, त्याच्या पोटात गोल भोक, भिंती गुलाबी, कडा हिरव्या. साळवेकाकांनी त्या त्रिकोणाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

प्लॉट रिकामा होता तेव्हा ते रोज तीनदा तिथे जात. दहाला, एकला आणि चारला. छत्री मिटून जमिनीत रोवत, सावली पडे तिच्या टोकाशी चुन्याची खूण करत आणि वहीत काहीतरी लिहीत. आठवडाभर हा प्रकार चालला. समोरच्या सिंधी दुकानदारांनी आपापसात ठरवून टाकलं की रस्ता रुंद होणार, आणि हा माणूस सरकारी मोजणीचा. तिसऱ्या दिवसापासून त्यांना चहा यायला लागला, मग चहाबरोबर पापड. पाचव्या दिवशी चार दुकानदारांनी रस्त्यावर आलेले आपापले पत्रे आपणहून मागे घेतले.

"खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं की. म्हटलं, सूर्य मोजतोय. ते म्हणाले, हां हां साईं, सब समझते हैं."

त्या आठवड्यातून मोती प्लाझाचा आराखडा निघाला. जागेला पश्चिमेकडून गल्ली होती, तिकडूनच गाड्या आत येणार. साळवेकाकांनी पश्चिमेला जिने, लिफ्ट, संडास आणि जाड भिंत घातली. खिडक्या लहान आणि खोल. दुपारचं ऊन खायचं ते जिन्यानं खावं, माणसांनी कशाला? ऑफिसं सगळी पूर्वेला, आणि सरांना हवी होती ती मोठी काचेची कमानही पूर्वेलाच. सर त्याला 'साळव्यांचा सूर्य' म्हणत. मासिकात तो नव्हता, पण सरांनी तो राहू दिला.

इमारत उभी राहिली तेव्हा एका रविवारी साळवेकाका बायको-मुलीला घेऊन ती बघायला आले. मलाही बोलावलं होतं. दुपारचे तीन, एप्रिलचं ऊन. लोक बाहेर उभे राहून त्रिकोण बघत होते. साळवेकाका आम्हाला पाचव्या मजल्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे काही बोलू नका, नुसत्या उभ्या राहा." आम्ही उभ्या राहिलो. आत गारवा होता, पंखे अजून लागलेही नव्हते. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत असेल. ती म्हणाली, "पप्पा, आपल्या घरात का नाय असं?" काकू म्हणाल्या, "आपल्या घरात जिना कुठाय?" आणि साळवेकाका एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

नंतर त्यांनी मला घरी नेलं. बुवापाड्यात एका खोलीचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मुलीची पुस्तकं. पण त्या एका खोलीला त्यांनी छताजवळ एक तिरपा झरोका पाडला होता. स्टोव्हचा धूर वर जाई आणि सकाळचा उजेड बरोबर मुलीच्या वहीवर पडे. आसपासच्या पाच-सहा घरांनी तो झरोका बघून तसाच पाडून घेतला होता. "ह्याच्यावर बी. एस. टाकलं नाय," ते म्हणाले. मी तिथे चहा प्यायले, दोन वेळा पोहे घेतले. काकूंनी निघताना हातावर लाडू ठेवला. हे सगळं मला नीट आठवतं, आणि आठवायला नको होतं असं वाटतं.

मोती प्लाझाची जागा हातोहात विकली गेली. टेकचंद शेठनी लगेच अंबरनाथला प्लॉट घेतला. ऑफिसात येऊन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "साईं, सेम टू सेम पाहिजे. बहीण पाहिजे मोतीची. नाव पण ठरलं, माणिक. फक्त गल्ली तिकडे पूरबला आहे, तर गाडी उधर से."

साळवेकाका म्हणाले, "शेठ, गल्ली बदलली म्हणून सूर्य नाय बदलत. ही नव्यानं काढावी लागेल."

शेठ सरांकडे बघून हसले. दिवाळीच्या आत नकाशा मंजुरीला गेला पाहिजे, एवढं सांगून गेले. दसरा तोंडावर आला होता, आणि साळवेकाका दर वर्षीप्रमाणे बुवापाड्यातल्या मंडळींबरोबर दीक्षाभूमीला नागपूरला निघाले होते. ही एकच रजा ते वर्षात न चुकता घेत. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "मीनाताई, माणिकला हात लावू नका. मी आलो की आपण बसू. प्रवेश पूर्वेला नेऊ, जिना पश्चिमेलाच ठेवू. चार दिवस डोकं खाजवावं लागेल, पण निघेल."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" आणि मी, चोवीस वर्षांची, पहिल्यांदाच एकटी, म्हणाले, "चार." सरांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. तोवर त्या ऑफिसात माझं कौतुक कुणी केलं नव्हतं, साळवेकाका सोडून. त्यांचं कौतुक मला फुकटचं वाटायला लागलं होतं.

मी मोती प्लाझाचा ट्रेसिंग पेपर काढला आणि उलटा करून बोर्डावर लावला. ट्रेसिंग आरपार दिसतो. उलटा केला की गल्ली आपोआप पूर्वेला गेली, प्रवेश पूर्वेला गेला, सगळं कसं जिथल्या तिथे बसलं. उत्तरेचा बाण वरच्या दिशेला होता, तो उलटा करूनही वरच राहिला. मी त्यावर नवा कागद ताणला आणि गिरवायला लागले. जिने, लिफ्ट, जाड भिंत पूर्वेला. काचेची कमान आणि सातही मजल्यांची ऑफिसं पश्चिमेला. मला सूर्य माहीत नव्हता असं नाही. तिसऱ्या दिवशी कमान गिरवताना तो माझ्या डोक्यात आलाही. मला वाटलं, लोक पडदे लावतील.

चौथ्या दिवशी कोपऱ्यातला रकाना उरला. तो रिकामा ठेवला असता तर सरांनी विचारलं असतं. मी हिरव्या दोऱ्याचं पेन उचललं आणि त्यांच्या वळणानं दोन अक्षरं घातली. त्यांचं वळण मला येत होतं, त्यांनीच गिरवून घेतलं होतं. सरांनी कोपरा बघितला आणि सही केली.

साळवेकाका परत आले ते नागपूरची संत्री घेऊन. "माणिकचं कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"झालं काका. सरांना घाई होती. मीच नव्यानं बसवलं, तुम्ही सांगितलं होतं तसं."

"जिना पश्चिमेला?"

"हो."

"अरे वा," ते म्हणाले. आणि सोललेल्या संत्र्यातला अर्धा भाग मला दिला. तपासायला कागद समोर नव्हता, तो मंजुरीला गेलेला, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सरांनी लगेच त्यांना कारखान्यांच्या शेडच्या कामावर लावलं आणि माणिकचे पुढचे सगळे नकाशे माझ्याकडे आले. खाली बी. एस. मीच घालत राहिले. 

पण इमारत ट्रेसिंग पेपरसारखी कपाटात ठेवता येत नाही आणि साळवेकाका अंबरनाथला राहत होते. माणिकचा चौथा स्लॅब ओतून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले, कपाटातून माणिकची प्रत काढली आणि टेबलावर पसरली. मी समोर होते. त्यांनी कोपरे बघितले, जिथे रेघा एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या होत्या. मग खालचा रकाना बघितला.

"बी. एस. चांगलं जमलंय," ते म्हणाले. "एसचं पोट जरा मोठं झालंय."

मी रडायला लागले. ते माझं रडणं संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "आरशातला माणूस हुबेहूब असतो, आर्किटेक्टबाई. पण त्याचा उजवा हात डावा असतो. तिथे माणसं बसणार आहेत आयुष्यभर." कागदाची घडी घालत म्हणाले, "सरांना तुम्ही सांगा. मी नाय सांगणार. अजून तीन मजले बाकी आहेत, छज्जे तरी काढता येतील."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी सरांचा मूड नव्हता. मग वडिलांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं, त्यात आठवडा गेला. साळवेकाका रोज मला एकदा बघत. विचारत नसत, नुसते बघत. त्या बघण्याचाच मला राग यायला लागला. मी मनाशी म्हणे, मुलीची जात, पहिली नोकरी, एक चूक झाली की साइटवर कुणी उभं करणार नाही. ते खरंही होतं. पण खरं होतं म्हणून मी गप्प बसले नव्हते. मला फक्त भीती वाटत होती.

पाचवा स्लॅब झाला, सहावा झाला, सातवा झाला.

माणिक प्लाझा सुरू झाल्यावर पहिल्याच मार्चमध्ये टेकचंद शेठ जिना धापा टाकत चढून आले. "भागवत साब, ये बिल्डिंग है के तंदूर? तीन बजे के बाद कोई बैठता नहीं अंदर. लोकांनी काचेला पेपर चिकटवले आहेत, पेपर! चार भाडेकरू गेले!"

सरांनी माणिकची प्रत मागवली. मीच आणून दिली. सरांनी एकदा मोतीची बघितली, एकदा माणिकची, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग बोट कोपऱ्यावर गेलं.

"साळवे!"

साळवेकाका उठून आले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"नाव माझं आहे सर. हात माझा नाय."

"म्हणजे? तुमचा नाही तर कुणाचा?"

"ज्याचा असेल तो सांगेल."

खोलीत आम्ही चौघंच होतो. त्यात शेठ आणि सर सोडले तर उरलो किती? सरांनी एकदा मान वळवली असती तर त्यांना माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. पण त्यांना शोधायचंच नव्हतं. मी माझ्या बोर्डावर वाकून पेन्सिलीला टोक करत होते. टोक झालं होतं, तरी मी करत राहिले. भुसा कागदावर पडत होता.

"सतरा-अठरा वर्षं डोळे झाकून विश्वास टाकला," सर म्हणाले. "तुम्हा लोकांना जबाबदारीचं काम दिलं की हे असं होतं."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, हे शेठनाही कळलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. ते वाक्य माझ्या चुकीवर बोललं गेलं होतं आणि जाऊन आदळलं साळवेकाकांवर, त्यांच्या वस्तीवर, त्या झरोक्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलीवर. मी तेव्हा उठायला हवं होतं. आधीच्या सगळ्या वेळा सोडून देते, पण तेव्हा तरी. मी उठले नाही.

साळवेकाकांनी तीनही पेनांचे दोरे सोडले, पेनं धुतली, पुसली आणि डब्यात ठेवली. पेनं ऑफिसची होती. दोरे आणि रुमाल खिशात घातला. माझ्या टेबलावरून जाताना म्हणाले, "येतो मॅडम." त्यांनी मला मॅडम कधीच म्हटलं नव्हतं.

माझी प्रगती पुढे व्यवस्थित झाली. सरांनी त्यांचं टेबल मला दिलं. कोपऱ्यातल्या रकान्यात आता माझी अक्षरं यायला लागली आणि माणिकबद्दल कुणी विचारलं तर 'आमचे एक जुने ड्राफ्ट्समन होते' असं सांगितलं जायचं. सर सांगायचे, मीही सांगायची. एकदा बुवापाड्यापर्यंत गेले होते मी, अर्धा किलो पेढे घेऊन. वस्तीच्या तोंडाशी उभी राहिले आणि परत आले. पेढे घरी खाल्ले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका आर्किटेक्चर कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला लागले. तिथे मुलांना एक अभ्यास द्यायचा होता, एकाच आर्किटेक्टच्या दोन इमारतींची तुलना. मी मोती आणि माणिक दिल्या. दुसऱ्या शंभर देता आल्या असत्या. मला वाटत होतं की सूर्याची गोष्ट मुलांना नीट शिकवली, तर माझ्याकडून निदान काहीतरी केलं जाईल. शिकवताना ती चूक कुणाची हे सांगावं लागेल, याचा विचार मी सोयीस्करपणे केला नव्हता.

अकरा मुलांना घेऊन मी सकाळी मोती प्लाझा दाखवला. गुलाबी रंग विटला होता, त्रिकोणावर पिंपळ उगवला होता, पण आत सगळी ऑफिसं भरलेली. दुपारी अंबरनाथला माणिक प्लाझात आलो. वरचे मजले अर्धे रिकामे, काचांवर पत्रे ठोकलेले. मुलं पश्चिमेच्या बाजूला उभी राहून कपाळावर वह्या धरत होती. तेवढ्यात तळमजल्याच्या एका गाळ्यातून आवाज आला, "आता काहीच नाय. साडेतीनला या, मग बघा."

झेरॉक्स आणि नकाशाच्या प्रती काढायचं दुकान होतं. दारात साळवेकाका. केस पांढरेफटक, बुशशर्टाच्या बाह्या दोन घड्या वर.

"या मॅडम," ते म्हणाले. "इथले गाळे स्वस्त मिळतात. पश्चिमेचे आहेत ना."

मला वाटलं ते तोंड फिरवतील. त्यांनी उलट मुलांना जवळ बोलावलं, वहीचं पान घेतलं आणि उभ्या उभ्या दोन्ही इमारतींचे आराखडे काढले, शेजारी शेजारी. कितव्या मजल्यावर किती वाजता ऊन येतं, कोणता भाडेकरू कोणत्या महिन्यात सोडून गेला, सगळं तोंडपाठ. मला दोन तास बोलून जे सांगता आलं नसतं ते त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. ते बोलत असताना हसत होते. बऱ्याच वर्षांनी त्यांना कुणी ऐकणारं मिळालं होतं, असं मला वाटलं.

एका मुलीनं विचारलं, "पण काका, ऑफिस एकच, मग ही अशी का झाली?"

"पहिलीचा कागद उलटा केला आणि गिरवला."

"कुणी?"

साळवेकाकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी मनात वाक्य जुळवलंही होतं. मग मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला रे, मोजमापं राहिलीत अजून."

"ड्रॉइंगवर नाव माझं आहे," साळवेकाका मुलांना म्हणाले. "भास्कर साळवे. लिहून घ्या."

आतून कुणीतरी प्रतींसाठी हाक मारली आणि ते वळून गेले. मी त्या बाजूला पुन्हा गेले नाही.

आठवड्यानं मुलांच्या वह्या तपासायला आल्या. त्या मुलीनं माणिक प्लाझाचा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल तो नकाशा, सुरेख काढला होता. इमारतीची उंची कळावी म्हणून नकाशात एक माणूस उभा काढतात, तसा तिनं खालच्या गाळ्याच्या दारात एक माणूस काढला होता. बुशशर्ट, दोन घड्यांच्या बाह्या, एक हात चौकटीवर. अगदी तेच. खाली लिहिलं होतं, 'चूक करणारे ड्राफ्ट्समन श्री. भास्कर साळवे. त्यांनी ती आमच्यासमोर मोठ्या मनानं कबूल केली.'

मी लाल पेन घेऊन त्या ओळीवर बराच वेळ बसले. मग तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि दहापैकी आठ गुण दिले.